माठ पाझरतो, बरणी का नाही?

अक्षय तृतीया जवळ आली की अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या देऊळघाट गावच्या घरांत नवा माठ येतो. पाणी भरून तिवईवर ठेवला की तासा-दोन तासांत त्याच्या अंगाला घाम सुटतो आणि खाली ओल साचते. घरातली जुनी माणसे माठाला हात लावून बघतात आणि निर्वाळा देतात, पाझरतोय, म्हणजे पाणी गार होणार. न पाझरणारा माठ कुंभाराकडे परत जातो.

त्याच घरात, फडताळाच्या वरच्या फळीवर, तोंडाला दादरा बांधलेली लोणच्याची बरणी असते. तिच्यात वर्षभर मीठ, तेल आणि कैरीचा आंबट खार मुरत पडलेला असतो, पण बाहेर एक थेंब येत नाही. ती पाझरली तर तिचीही रवानगी उकिरड्यावर! माठही माती भाजूनच केलेला, बरणीही माती भाजूनच केलेली. मग एकाने पाझरावे आणि दुसरीने पाझरू नये, हे कसे?

या साध्या कोड्याच्या उत्तरात एक मोठी कारागिरी दडलेली आहे. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या रंगीत फरश्या, पणजीतल्या एका संस्थेच्या भिंतीवरची निळी चित्रे, दौलताबादच्या किल्ल्यातल्या पडक्या चिनी महालाचे नाव, या सगळ्यांचा धागा तिथपर्यंत पोचतो.

भाजलेल्या मातीच्या अंगातल्या वाटा

ओल्या मातीत मातीच्या कणांच्या मध्ये पाणी असते. गोळा वाळला की पाणी उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. कुंभाराच्या आव्यात सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास कण एकमेकांना कडेकडेने चिकटतात, पण पोकळ्या बुजत नाहीत. मुरमुऱ्याचे लाडू आठवा. गुळाने मुरमुरे चिकटलेले असतात, पण मधून हवा खेळतेच. माठाचे अंग असे असते. पाणी त्या वाटांनी बाहेर येते, वाऱ्याने उडते आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जाते.

बरणीची माती वेगळी असते आणि ती बाराशे अंशांच्या वर भाजतात. तिथे मातीतले काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि पोकळ्यांत शिरून बसतात. गुळाचा पाक इतका झाला की मुरमुऱ्यांच्या मधली जागाच उरली नाही, असे समजा. शिवाय वरून काचेचा थर असतोच. म्हणजे बरणीला आतून आणि बाहेरून असा दुहेरी बंदोबस्त आहे.

पण बाराशे अंश म्हणजे चेष्टा नव्हे. तशी भट्टी हवी, ढीगभर लाकूड किंवा कोळसा हवा आणि मुख्य म्हणजे तेवढ्या तापात न बसणारी, न वितळणारी माती हवी. गावच्या लाल मातीचे भांडे तेवढ्या आगीत ठेवले तर वाकून बसते. आमच्या महाराष्ट्रात खरी पांढरी चिनी माती सापडते ती सिंधुदुर्गासारख्या मोजक्या ठिकाणी. इतरांनी काय करायचे?

अंग माठाचे, तोंडवळा बरणीचा

हा प्रश्न साधारण अकराशे वर्षांपूर्वी इराकमधल्या बसऱ्याकडच्या कुंभारांनाही पडला होता. चीनहून जहाजांनी पांढरीशुभ्र भांडी येत होती. गिऱ्हाइकांना तीच हवी होती. बसऱ्याच्या कुंभाराजवळ ना ती माती, ना ती भट्टी. त्याने तिसरी वाट काढली. भांड्याचे अंग साध्या मातीचेच ठेवायचे, माठासारखे, आणि त्यावर दुधासारखा पांढरा काचेचा पापुद्रा चढवायचा. आत माती, वर दिखावा. पांढऱ्यावर निळे चित्र काढायची हौसही तिथलीच.

ही युक्ती पुढे उत्तर आफ्रिकेतून मुसलमानी अमलाखालच्या स्पेनमध्ये गेली आणि तिथून युरोपभर पसरली. पोर्तुगीज लोक अशा फरशीला ‘अझुलेझो’ म्हणतात. त्या भाषेत ‘अझुल’ म्हणजे निळा, म्हणून हा शब्द निळ्यावरून आला असे पुष्कळांना वाटते. तो आला आहे ‘गुळगुळीत केलेला लहान दगड’ अशा अर्थाच्या अरबी शब्दावरून.

स्पॅनिश कुंभार सोळाव्या शतकात मेक्सिकोत पोचले. पुएब्ला शहर १५३१ मध्ये वसले आणि आसपासची माती चांगली निघाल्यामुळे या धंद्याचे माहेरघर झाले. स्पेनमधल्या तालावेरा गावाचे नाव तिथल्या मालाला चिकटले. सतराव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या कुंभारांच्या संघाने नियमच घालून दिले. मालाच्या प्रती ठरल्या आणि कारागिराने आपली खूण उमटवायची असेही ठरले. गंमत अशी की त्याच सुमारास फिलिपाइन्सच्या मनिलाहून निघणारी स्पॅनिश जहाजे चिनी भांडी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवत होती आणि तो माल पुएब्लावरून पुढे जात होता. मूळ चिनी भांडे एका बाजूने आले, त्याची इराकी नक्कल स्पेनमार्गे दुसऱ्या बाजूने आली आणि दोघांची गाठ पडली पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला! पुएब्लाच्या घुमटांवर, स्वयंपाकघरांत, मेक्सिको सिटीतल्या ‘फरश्यांच्या घरा’च्या दर्शनी भिंतीवर त्या भेटीच्या खुणा आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोने मेक्सिको आणि स्पेन अशा दोन्हीकडच्या या कारागिरीला एकत्रच मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले.

आपल्याकडे ही कारागिरी पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आली. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ मधली फरश्यांची मोठी चित्रे आहेत. काढणारा झोर्झे कोलासो, ज्याने पोर्तुगालमधल्या पोर्तु शहराच्या साव बेंतु रेल्वे स्थानकाच्या भिंती सुमारे वीस हजार फरश्यांनी मढवल्या. पणजीतले विषय पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले, म्हणजे वास्को द गामाच्या पराक्रमाचे. संस्थेचे मूळ नावही गामाचेच होते. पुढे नाव लागले ते पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लेखणी चालवणाऱ्या लुईश द मिनेझिस ब्रागांझांचे. पाटी बदलता आली, भिंत तशीच राहिली. भाजलेल्या रंगाचा हा गुण म्हणायचा की खोड, ते ज्याचे त्याने ठरवावे.

दख्खनमध्ये चकाकत्या फरश्या पोर्तुगिजांच्या आधीच आल्या होत्या, त्या इराणच्या वाटेने. बहामनी सुलतानांच्या काळात पंधराव्या शतकात उभा राहिलेला दौलताबादचा चांद मिनार एकेकाळी रंगीत फरश्यांनी मढवलेला होता. बिदरला महमूद गवानच्या १४७२ मधल्या मदरशावर त्यांचे पट्टे अजून दिसतात. इराणी पद्धत थोडी निराळी, तिच्यात फरशीचे अंगच पुष्कळदा दळलेल्या गारगोटीचे असते. दौलताबादच्या चिनी महालाला नाव मिळाले ते भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांमुळे. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने तिथल्या शेवटच्या कुतुबशहाला, अबुल हसन तानाशाहाला, इथेच कैदेत ठेवले. चिनी महाल, चिनी माती, चिनी बरणी. जे जे पांढरे आणि चकाकते, त्याला आपण चीनचे नाव देऊन टाकले, मग ते घडलेले कुठेही असो.

काळी का चालत नाही?

अशी फरशी घडवायची तर आधी मातीकडे पाहायला हवे. देऊळघाट ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत आहे तिचा दगड सगळा काळा, लाव्हा थिजून झालेला. तो झिजून कपाशीची काळी माती झाली. शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणणाऱ्या आपल्या माणसांना मातीचे गुण चांगले कळत होते. घराच्या भिंतीला आणि धाब्याला पांढरीच लागते, काळी नाही.

काळीचे कण पापडांच्या चळतीसारखे असतात, आणि या चळतीत पापडापापडांच्या मध्ये पाणी शिरते. माती फुगते. वाळली की तेवढीच आक्रसते. म्हणून वैशाखात शेताला बैलाचा खूर अडकेल अशा भेगा पडतात. या मातीची फरशी थापली तर वाळतानाच तिची नक्षी तिची तीच काढेल, भेगांची!

म्हणून कुंभार माती निवडतो. तळ्याचा, नदीचा गाळ आणतो, भिजवतो, गाळतो, त्यात राख आणि लीद मिसळतो. लीदीतले गवताचे धागे ओली माती बांधून धरतात आणि भट्टीत जळून जातात. पुएब्लाचे कारागीरही दोन प्रकारची माती मिसळतात, एक गडद, एक फिकट. पाण्यात घोळून चाळतात, मुरू देतात आणि पायांनी तुडवून एकजीव करतात. तुडवण्याने आतली हवा निघून जाते आणि ओल सगळीकडे सारखी होते. पुरणपोळीची कणीक तिंबण्यामागेही सगळीकडे सारखी मऊ व्हावी हाच हिशोब असतो.

आणखी एक वैरी काळीत लपलेला असतो, चुनखडा. हरभऱ्याएवढा पांढरा खडा मातीत राहिला तर आठशे अंशांच्या वर त्याचा कळीचा चुना होतो. फरशी भट्टीतून साजरी बाहेर येते, आठ दिवस तशीच राहते. मग हवेतली ओल त्या कळीला लागते. कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर कसा फसफसून फुलतो ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. वरचा टवका उडतो आणि खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका हसत असतो.

पापडाची खोड

मडके गोल असते, त्याला वाकायला वाव कमी. फरशीचा सगळा गुण सपाटपणात, आणि सपाट वस्तूची खोड पापडासारखी. कडा आधी वाळतात, आक्रसतात, मध्य अजून ओलाच असतो, आणि कोपरे वर उचलले जातात. म्हणून फरश्या उन्हात टाकत नाहीत. सावलीत, फळीवर, अधूनमधून उलट्या करत, जरा घट्ट झाल्यावर एकावर एक रचून दाबाखाली, अशा हळूहळू वाळवतात. लाटलेल्या मातीचा साचाही मोठा घ्यावा लागतो. वीस सेंटिमीटरची फरशी हवी असेल तर साचा बावीसच्या आसपासचा, कारण वाळताना आणि भाजताना मिळून ती तेवढी लहान होते. हाताने केलेल्या दोन फरश्या कधी तंतोतंत सारख्या नसतात. बसवणारा गवंडी सांधे रुंद ठेवतो त्याचे कारण हेच.

पहिल्या भट्टीतून निघालेली फरशी म्हणजे सपाट माठ. लालसर, कोरडी, जिभेला लावली तर चिकटणारी.

वाळू वितळवायची कशी आणि पांढरी करायची कशी?

आता झिलई, म्हणजे अंगावर चढवायची काच. काचेचे मूळ द्रव्य वाळूतली गारगोटी. ती एकटी वितळवायची तर सतराशे अंशांच्या वर जावे लागेल, आणि तोवर खालची फरशी कधीच वितळून जाईल. इथे हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्याची युक्ती कामाला येते. बर्फात खडे मीठ टाकले की बर्फ शून्याच्या खालीही वितळू लागतो. तसेच वाळूत शिसे किंवा सोडा-पोटॅशसारखे क्षार मिसळले की ती हजार अंशांच्या आसपासच पातळ होते. शिसे त्यात फार सोयीचे पडे, म्हणून शतकानुशतके तेच वापरले गेले. भिंतीवर त्याने बिघडत नाही, पण शिशाची झिलई नीट भाजली नसेल तर त्या भांड्यातला चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस शिसे ओढून घेतो आणि ते पोटात जाते. मेक्सिकोत स्वयंपाकाच्या भांड्यांबाबत हा दुखरा प्रश्न राहिलेला आहे.

एवढ्याने झिलई तयार होते, पण ती पारदर्शक. तिच्यातून लाल माती दिसणारच. पांढरा पडदा येतो तो कथलाच्या भस्माने, म्हणजे भांड्यांना कल्हई करतात त्या धातूच्या राखेने. बर्फाची लादी आरपार दिसते, पण तीच किसून गोळा केला की पांढरा होतो. बर्फ तोच, पण असंख्य बारीक कणांवर उजेड आपटून चहूकडे उधळतो, म्हणून आपल्याला पांढरे दिसते. कथलाचे भस्म वितळलेल्या काचेत फारसे विरघळत नाही. त्याचे बारीक कण लटकत राहतात आणि उजेडाला खालच्या मातीपर्यंत पोचूच देत नाहीत. शिवाय ही झिलई वितळल्यावरही घट्टसर राहते, पायसासारखी. तिच्यावरची बारीक रेघ ओघळत नाही. साध्या शिशाच्या झिलईत रंग पसरतो.

काळ्याने काढायचे, निळे उगवायचे

झिलईचे सगळे साहित्य दळून पाण्यात कालवतात, ताकाएवढे पातळ. भाजलेली फरशी त्यात बुडवली की माठाचा गुण दाखवते. पाणी झटकन शोषून घेते आणि पृष्ठभागावर भुकटीचा सारखा थर बसतो, खडूसारखा. बोट लावले तर निघून येईल असा.

या खडूवर चित्र काढायचे! कुंचला टेकताक्षणी टीपकागदासारखा रंग ओढला जातो. पुसायची सोय नाही, खोडायची नाही, रेघ अर्ध्यात थांबवली तर तिथे डाग. म्हणून आधी खाका करतात. जरीकाम करणाऱ्यांना हा शब्द आणि ही पद्धत चांगली माहीत आहे. कागदावर नक्षी काढायची, रेघांवर सुईने भोके पाडायची, कागद फरशीवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून हलकेच थोपटायची. रांगोळीच्या छाप्यासारखे ठिपके उमटतात, ते जोडत जायचे. कोळसा भट्टीत जळून जातो. मोठे चित्र असेल तर प्रत्येक फरशीच्या पाठीवर क्रमांक घालतात, नाहीतर लावताना घोड्याचे डोके माणसाच्या धडावर यायचे.

आणि मला या कामात सर्वांत अवघड वाटते ते हे की चितारी काढतो एक आणि उगवते दुसरेच. निळा देणारे कोबाल्टचे भस्म काळपट असते. हिरव्यासाठी तांबे, जांभळट-तपकिरीसाठी मँगनीज, पिवळ्यासाठी शिशाबरोबर अँटिमनी. पिवळ्या हळदीला चुन्याचे संस्कार झाले की लाल कुंकू होते, तसा इथे आगीत रंग पालटतो. म्हणून कारागिराला काळी-करडी फुले काढताना मनात निळी-हिरवी बाग दिसावी लागते. कोबाल्ट महाग पडायचे, म्हणून पुएब्लात निळा भरपूर असलेला माल वरच्या प्रतीचा समजत.

दुसऱ्या भट्टीत भुकटी वितळते, रंगातला धातू काचेत मिसळतो आणि थंड झाल्यावर तिथेच कायमचा अडकतो. भिंतीच्या रंगाची पूड डिंकाने चिकटलेली असते. डिंक गेला की रंग गेला. फरशीचा रंग वर लावलेला उरतच नाही, काचच रंगीत झालेली असते.

चौकट : एक फरशी, दोन भट्ट्या
माती मिसळणे, चाळणे, तुडवणे. लाटून साच्यात कापणे. सावलीत, दाबाखाली वाळवणे. पहिली भट्टी, सुमारे साडेआठशे अंश, हिच्यातून सपाट ‘माठ’ निघतो. पांढऱ्या झिलईच्या पाण्यात बुडवणे. खाक्याने ठिपके, कुंचल्याने चित्र. दुसरी भट्टी, हजार अंशांच्या थोडी वर, हिच्यात भुकटीची काच होते आणि रंग उघडतो. भट्टी आपसूक थंड होईपर्यंत दार उघडायचे नाही.

धाव, तडा आणि लोणा

दार का उघडायचे नाही? गरम काच एकदम निवली तर तडकते, हे एक कारण. तडकण्याचे दुसरे कारण जास्त खोल आहे. निवताना काचही आक्रसते आणि मातीही, पण दोघी सारख्याच आक्रसतील असे नाही. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव कशी चढवतो ते आठवा. लोखंडी पट्टी तापवून लाकडी चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. पट्टी आक्रसते आणि चाकाला करकचून आवळते. झिलई अशी मातीपेक्षा जास्त आक्रसली तर तीही ताणली जाते. लोखंड ताण सोसते, काच सोसत नाही. मग तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे केसाएवढे तडे येतात. उलट माती काचेपेक्षा थोडी जास्त आक्रसली तर काच चहूबाजूंनी दाबली जाते, आणि दाब काचेला मानवतो.

इथे तो वैरी चुना मित्र होऊन परत येतो. खड्याच्या रूपात तो टवके उडवतो, पण पिठासारखा बारीक होऊन सगळ्या मातीत सारखा मिसळलेला असेल तर भट्टीत मातीशी संयोग पावतो. मग तो फुलत नाही. उलट फरशीचे अंग फिकट करतो आणि तिचे आक्रसणे झिलईला मानवेल इतके वाढवतो. म्हणूनच भूमध्य समुद्राकाठचे या पद्धतीचे कुंभार मुद्दाम चुन्याची माती शोधत. माती तीच आणि चुनाही तोच असला तरी सगळा फरक दळण्यात पडतो.

भिंतीवर गेल्यावर फरशीचे खरे वैर पाण्याशी, आणि तेही पाठीमागून येणाऱ्या. पुढे काच आहे, पण पाठ माठाचीच. भिंतीत मुरलेले पाणी क्षार घेऊन फरशीच्या अंगात शिरते. पुढे उडून जायला वाट नसते, म्हणून ते काचेमागे वाळते आणि क्षारांचे खडे वाढत जातात. ज्याला आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो तोच हा. खडे काचेला ढकलतात आणि चित्राचा पापुद्रा सुटतो. गळक्या छपराखालच्या जुन्या भिंतींवर चकाकीचे तुकडेच उरतात त्यामागे हे एक मोठे कारण असते.

ही ती नव्हे

मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतली नक्षीदार गुळगुळीत फरशी पाहून पुष्कळांना ती याच घराण्यातली वाटते. ती सिमेंटची. साच्यात रंगीत सिमेंट ओतून यंत्राने दाबलेली, भट्टीचे तोंडही न पाहिलेली. मुंबईत १९२२ मध्ये सिधवा मंडळींनी सुरू केलेली भारत टाइल्स हे त्यातले मोठे नाव. भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या इंग्लंडहून आणलेल्या मिंटन फरश्या भट्टीतल्याच, पण त्यांच्यात नक्षी रंगवलेली नसते, निरनिराळ्या रंगांची मातीच खाचेत भरलेली असते.

झिलईचे हातकाम मात्र इकडे मुंबईतच रुजले होते. सर ज. जी. कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झिलईची भांडी घडवून घेतली आणि त्यांच्यावर अजिंठ्याच्या चित्रांतले आकार उतरले. विदर्भात चंद्रपूरकडे भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघातून गावकुंभारांना झिलईचे काम शिकवण्यात आयुष्य घातले.

आज देऊळघाटात नवे घर बांधणारा माणूस स्वयंपाकघराच्या ओट्यामागे निळ्या-पांढऱ्या फुलांची फरशी लावतो. दुकानदार तिला ‘मोरोक्कन’ म्हणतो, कधी ‘स्पॅनिश’. आली असते ती बहुतेक गुजरातच्या मोरबीहून. तिच्यावरची फुले छपाईच्या यंत्राने फवारलेली असतात आणि ती रुळांवरून सरकत तासाभराच्या आतच भट्टीतून बाहेर पडलेली असते. गवंड्याने कापून टाकलेला एखादा तुकडा मिळाला तर उलटा करून पाठीवर पाण्याचा थेंब सोडून पाहा. थेंब तसाच मण्यासारखा बसून राहिला तर अंग बरणीचे. पाहता पाहता जिरला तर चकाकीच्या मागे माठ आहे.